सहीनंतरचा मजकूर

आमच्या हॅरो काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत तळमजल्याच्याही खाली एक लांब, थंड खोली आहे. काउंटीतील प्रत्येक टेकडीचा, प्रत्येक ओहोळाचा आणि प्रत्येक कुरणाचा पूर्ववृत्तान्त तेथे तीनशे अठरा जाड बाडांत बांधून ठेवलेला आहे. ही बाडे इतकी जड आहेत की ती उचलण्याऐवजी फळीवरून ओढून काढावी लागतात, आणि म्हणून प्रत्येक फळीला लोखंडी रूळ बसवलेले आहेत. या खोलीत, उत्तरेकडील भिंतीलगतच्या उंच, उतरत्या मेजापाशी, मिस ऑर्फा टीटर चव्वेचाळीस वर्षे उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या असे मी शब्दशः लिहितो. बसून वाचलेला दस्त अर्धाच वाचला जातो, असे त्यांचे मत होते.

मी समोरच्या बाकावर बसून जुनी चर्चदप्तरे चाळत असे, त्यामुळे त्यांच्या कामाचे स्वरूप मला हळूहळू उमगले. कोणी जमीन विकावयास काढली की, ती जमीन खरोखरच विकणाऱ्याची आहे काय, हे कोणीतरी पाहावे लागते. ते पाहणे हे मिस ऑर्फांचे जीवितकार्य. ‘लिहून घेणार’ यांची सूची उघडावी, आजच्या मालकाचे नाव शोधावे, त्याने कोणाकडून घेतले ते पाहावे. मग त्या देणाराने कोणाकडून घेतले ते पाहावे. आणि असे पुत्रावरून पित्याकडे, पित्यावरून पितामहाकडे चढत जावे. मूळ पुरुष सापडला की वळावे, आणि ‘लिहून देणार’ यांची सूची हाती घेऊन पुन्हा खाली उतरावे. कारण प्रत्येक मालकाने आपल्या हयातीत कोणाला वाट दिली, कोणाला झरा दिला, कोणाला जमिनीखालचा कोळसा दिला, हे त्या दुसऱ्या सूचीतच कळते. या आरोह-अवरोहाचे सार त्या एका पानात लिहीत. त्या पानाला शोध-अहवाल म्हणत. काउंटीतील वकील तो न वाचता सही करीत, आणि याहून मोठा सन्मान वकील कोणाचा करीत नाहीत.

ही विद्या त्यांना हार्लन कटलिप या गृहस्थांकडून मिळाली. कटलिप दिवंगत होऊन तीस वर्षे झाली, तरी मिस ऑर्फा त्यांचा उल्लेख वर्तमानकाळात करीत. कटलिपांचे नियम थोडे होते. पेन्सिलच वापरावी, शाई नव्हे. तारखेवर विश्वास ठेवावा, स्मृतीवर ठेवू नये. आणि दस्त सहीपर्यंत वाचावा. सहीखाली नोटरीचे प्रमाणवचन असते, अमुक दिवशी अमुक मनुष्य माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर झाला वगैरे. ते सर्व दस्तांत एकसारखे असते. “ते एकदा वाचलं की जन्मभर पुरतं,” असे कटलिप म्हणत. मिस ऑर्फांनी ते १९७४ साली एकदा वाचले. त्यानंतर सही आली की पान उलटावे, हा त्यांच्या हाताचा धर्म झाला. हाच नियम त्यांनी पुढे आपल्या दोन शिष्यांना दिला. या नियमामुळे आयुष्यातील एकंदर पावणेदोन वर्षे वाचली, असा त्यांनी स्वतःच हिशोब काढला होता. त्या वाचलेल्या काळात त्या आणखी दस्त वाचीत.

हा धर्म त्यांच्या इतर आचरणातही उतरला होता. आमच्या काउंटीत अंत्यविधीला जाणे हे कर्तव्य मानतात, आणि प्रत्येक मृताची जमीन त्यांना ठाऊक असल्यामुळे मिस ऑर्फा प्रत्येक अंत्यविधीला जात. पण पाद्रीबुवांच्या तोंडून ‘आमेन’ निघाले की त्या गाडीत असत. गाडी त्या रस्त्याकडे तोंड करूनच लावीत. शोकाकुल कुटुंबाने हात पुढे करावा, तर तेथे मिस ऑर्फा नसत. याचे कोणी वाईट वाटून घेत नसे; अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचे सॅलड खाताना लोक म्हणत, “मिस ऑर्फा आल्या होत्या. त्यांची पाठ दिसली.”

हे मी इतक्या विस्ताराने सांगतो, कारण पुढे जे घडले ते याच धर्मातून घडले.

एप्रिलातील एका मंगळवारी ड्यूई नेस्टर जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत तळघरात उतरले. वय त्र्याऐंशी. स्लेट रन या ओहोळाकाठी त्यांचे लहानसे घर होते. दारापाशी नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या नेडा शॅफरला त्यांनी विचारले, “मिस ऑर्फा जाग्या आहेत का?”

“त्या झोपतात अशी आमच्याकडे नोंद नाही, मिस्टर ड्यूई,” नेडा म्हणाली. “जा आत.”

मिस ऑर्फांनी पेन्सिल खाली ठेवली. “बसा, मिस्टर ड्यूई.”

“तुम्ही उभ्या, आणि मी बसू?”

“खुर्ची काउंटीची आहे. माझी परवानगी लागत नाही. तब्येत कशी आहे?”

“डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षीच्या बटाट्यांचं बियाणं घेऊन ठेवू नका.”

“कोणते डॉक्टर?”

“हृदयाचे.”

“मग त्यांना बटाट्यांतलं काय कळतंय?”

“तेच मी म्हटलं,” ड्यूई म्हणाले. “पण घेतलं नाही.”

ड्यूई खुर्चीत बसले. मग आपले म्हणणे मांडले. त्यांची पत्नी आयवा नऊ वर्षांपूर्वी वारली. टेकडीवर, अक्रोडाच्या झाडापाशी, नेस्टर कुळाच्या दगडांची एक ओळ आहे. त्या ओळीत शेवटचा दगड आयवाचा. ती टेकडी शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी विकली होती, पण मध्यंतरीच्या कोणत्याही मालकाने नेस्टरांना तेथे पुरण्यास कधी हरकत घेतली नाही. आता दोन वर्षांपूर्वी ती एका निवृत्त दंतवैद्यांनी घेतली. डॉक्टर रसेल वायमर. त्यांनी तेथे अल्पाका पाळले होते. उंटाच्या कुळातले हे लोकरीचे प्राणी आता आमच्या टेकड्यांवर गाईंपेक्षा अधिक दिसतात, आणि गाईंपेक्षा अधिक विचारी दिसतात.

“ते दगडांभोवती कुंपण घालतायत,” ड्यूई म्हणाले. “जनावरं आत जाऊ नयेत म्हणून. हेतू वाईट नाही. पण कुंपण आयवाच्या दगडाला चिकटून जाणार. तिच्या डाव्या हाताला माझी जागा. पन्नास वर्षं मी पलंगाच्या त्याच बाजूला झोपलो.”

“त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं. माणूस सभ्य आहे. कॉफी दिली. म्हणाले, भेटायला कधीही या, फाटकाला कुलूप नाही. पण राहायला येऊ नका.”

“असं म्हणाले?”

“शब्द वेगळे होते. आधी आहेत ते दगड राहतील, नवीन नाही. म्हणाले, दफनभूमी म्हणून एक इंचही कागदावर नाही, आणि कागद या काउंटीतल्या सगळ्यांत खात्रीच्या माणसाचा आहे.” ड्यूईंनी खिशातून चौघडी केलेली एक प्रत काढली आणि मेजावर सपाट केली. “हा.”

मिस ऑर्फांनी चष्मा वर केला आणि वाचले. चौदा ऑक्टोबर १९९४. स्लेट रनवरील एकसष्ट एकर. मालकीची साखळी अखंड. राखीव हक्क: काही नाहीत. खाली सही.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग संपलं.”

“सही माझी आहे, एवढंच ठरलं,” मिस ऑर्फा म्हणाल्या. “तुमचं म्हणणं काय आहे? जागा किती?”

“आजोबा म्हणायचे, अक्रोडाभोवती आठ काठ्या चौरस आपलं. दस्तात आहे म्हणायचे.”

“कुठं म्हणायचे?”

“जेवताना. टेबलाशी.”

“टेबलाची नोंद केली होती का?”

“नाही.”

“मग कागद बघू.”

ड्यूई उठले. उठण्यास त्यांना वेळ लागला. जाता जाता त्यांनी विचारले, “तुमची जागा कुठं आहे हो, मिस ऑर्फा?”

“गावातल्या स्मशानात. वरच्या बाजूला.”

“कागद पाहिलेत?”

“सन सतराशे नव्वदपर्यंत.”

“मग तुम्हाला सुखानं मरायला हरकत नाही,” ड्यूई म्हणाले, आणि जिना चढू लागले.

मिस ऑर्फांनी आपली १९९४ सालची टिपणे काढली. पिवळ्या कागदांच्या त्या वह्या त्या घरी, फळांच्या मुरांब्यांच्या कपाटात, सालवार ठेवीत. टिपण स्वच्छ होते. एझ्रा नेस्टर, लिहून देणार, लँट्झ, लिहून घेणार, सन १९२१, बाड सत्तेचाळीस, पान दोनशे बारा. राखीव: काही नाही. त्यांनी बाड सत्तेचाळीस ओढून काढले आणि पान दोनशे बारा पुन्हा वाचले. चतुःसीमा वाचली: पांढऱ्या ओकपासून ओहोळाच्या फाट्यापर्यंत, तेथून दगडाच्या राशीपर्यंत, तेथून पुन्हा पांढऱ्या ओकपर्यंत. ड्यूईंचे आजोबा एझ्रा नेस्टर यांनी सही करता येत नसल्यामुळे फुली केली होती, आणि फुलीशेजारी कारकुनाने “एझ्रा नेस्टर, त्याची निशाणी” असे लिहिले होते. मिस ऑर्फांनी पान उलटले. दफनभूमीचा शब्द नव्हता. बुधवारी त्यांनी तेच पान पुन्हा वाचले. गुरुवारी पुन्हा.

“मिस ऑर्फा,” नेडा खिडकीतून म्हणाली, “ते पान पाठ झालं असेल तर म्हणून दाखवा. मी शिक्का मारते.”

“कुठंतरी आहे,” मिस ऑर्फा म्हणाल्या.

“तुम्हीच तर चोवीस वर्षांपूर्वी लिहिलंय, नाही म्हणून. या काउंटीत तुमच्याशी वाद घालायची कुणाची टाप आहे?”

“माझी आहे.”

मिस ऑर्फांना ड्यूईंच्या आजोबांच्या बोलण्याविषयी विशेष आदर नव्हता. आजोबा हे दस्तऐवजांचे शत्रू असतात, असे कटलिपांचे मत त्यांनाही मान्य होते. पण एक शब्द त्यांच्या मनात राहिला होता. आजोबांनी नुसते ‘झाडाजवळची जागा’ म्हटले नव्हते. त्यांनी माप सांगितले होते. खोटी स्मृती सहसा काठ्या मोजीत नाही. म्हणून शुक्रवारी त्यांनी आपल्या साखळीतील दस्त बाजूला ठेवले आणि शेजारच्यांचे काढले. ही जुनी युक्ती आहे: एखाद्या मनुष्याविषयी त्याचे स्वतःचे कागद जे सांगत नाहीत, ते पुष्कळदा त्याच्या शेजाऱ्यांचे सांगतात.

१९३८ सालचा सायर यांचा दस्त तसा होता. सायर यांची जमीन टेकडीच्या पलीकडे, लँट्झच्या कुंपणाला लागून. त्यांची चतुःसीमा ओढ्यापासून निघून वर चढत होती, आणि मग असे लिहिले होते: तेथून नेस्टर दफनभूमीच्या कोपऱ्यावरील रोवलेल्या दगडापर्यंत, तेथून दफनभूमीच्या कडेने आठ काठ्या दुसऱ्या दगडापर्यंत.

मिस ऑर्फांनी सफरचंदाचा मुरांबा लावलेला पावाचा तुकडा तोंडाशी नेला होता. तो त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला.

१९३८ साली तेथे दोन दगड रोवलेले होते, आणि त्यांच्यामध्ये आठ काठ्या होत्या. दगड आपण होऊन आठ काठ्यांवर उभे राहत नाहीत. कोणीतरी ते मापून रोवले. ज्याने मापले त्याच्यापाशी कागद होता. आणि असा कागद एझ्रा नेस्टर यांनी जमीन विकली त्याच वेळचा असू शकतो. तो दस्त मिस ऑर्फांनी १९९४ पासून आजवर चार वेळा वाचला होता. तेव्हा प्रश्न असा उरला की, पान दोनशे बारावर असे काय आहे जे त्यांनी एकदाही वाचले नाही.

त्यांनी बाड सत्तेचाळीस पुन्हा ओढून काढले. फुलीपर्यंत गेल्या. मग ज्या ठिकाणी त्यांचा हात चव्वेचाळीस वर्षे पान उलटत आला होता, तेथे त्यांनी हात मेजावर ठेवला आणि पुढे वाचले.

मी समोरच होतो. त्यांचा चेहरा बदलला नाही. ओठ मात्र हलू लागले. मोठ्याने वाचणे त्या अप्रशस्त मानीत.

नोटरीचे प्रमाणवचन संपले होते. त्याखाली, पुढील दस्ताच्या मथळ्याआधी उरलेल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत लिहिले होते: “वरील दस्त नकलताना एक परिच्छेद माझ्या हातून राहून गेला, तो येथे उतरवीत आहे. सदर भूमीतून नेस्टर कुटुंबाची दफनभूमी, अक्रोडाच्या झाडाभोवती आठ काठ्या चौरस, आणि तेथे जाण्यायेण्याची वाट, देणार व त्याचे वंशज यांच्याकरिता निरंतर राखून ठेवली आहे.” खाली कारकुनाची आद्याक्षरे होती, डब्ल्यू. टी.

या कारकुनाविषयी मला नंतर पुष्कळ दिवस विचार करावासा वाटला. बाडात मूळ दस्त नसतो, कारकुनाने हाताने उतरवलेली त्याची नक्कल असते. त्याला ते पान फाडून नवे लिहिता आले नसते, कारण बाडाची पाने मोजलेली असतात. पण त्याला गप्प बसता आले असते. मूळ दस्त घेऊन लँट्झ घरी गेले असते, आणि एझ्रा नेस्टर यांच्यासारख्या अक्षरशून्य मनुष्याला नकलेतील उणीव कळण्याचा संभव नव्हता. डब्ल्यू. टी. यांनी आपली चूक कबूल केली, तीही तिच्यासाठी जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. ती कबुली सत्त्याण्णव वर्षे तेथे पडून होती, आणि वाचकाअभावी तिचे काही अडले नव्हते.

मिस ऑर्फांनी नेडाला बोलावले आणि ओळीखाली पेन्सिलीचे टोक धरले.

नेडाने वाचले. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली. “हे सहीखाली आहे.”

“हो.”

“सहीखालचं कोण वाचतं?”

“कोणीच नाही. मी तसंच शिकवलं.”

“मग आता काय करणार?”

“प्रत काढ. दोन. आणि माझ्या नावानं दुरुस्तीचं शपथपत्र लिही. १९९४ च्या अहवालात राखीव हक्क नाहीत असं लिहिलं ते चूक आहे, आणि चूक माझी आहे.”

नेडा थोडी घुटमळली. “नुसतं राखीव हक्क सापडला असं लिहिलं तर चालेल की. चूक कुणाची हे कुणी विचारत नाहीये.”

“मग तो अहवाल कुणी केला म्हणून लिहितेस? कटलिपांनी?”

नेडाने शपथपत्र लिहिले.

शनिवारी मिस ऑर्फा डॉक्टर वायमर यांच्या घरी गेल्या. मी गाडी चालवली, कारण त्यांच्या गाडीचे काहीतरी बिघडले होते आणि ड्यूई नेस्टर गुरुवारपासून इस्पितळात होते. उशीर करण्यास कोणाची तयारी नव्हती. अंगणात सात अल्पाका ओळीने उभे राहून आमच्याकडे पाहत होते.

“मिसेस टीटर,” डॉक्टर म्हणाले, “तुमचं नाव माझ्या कागदावर आहे. फार आदर आहे मला.”

“मिस. आणि तो आदर जरा आवरून ठेवा,” मिस ऑर्फा म्हणाल्या, आणि प्रत पुढे केली.

डॉक्टरांनी ती सावकाश वाचली. दंतवैद्य असल्यामुळे असेल, वाचताना ते तोंड किंचित उघडे ठेवीत. “हे सहीनंतरचं आहे,” ते म्हणाले.

“कारकुनानं नक्कल करताना सोडलं आणि मागून लिहिलं. मूळ दस्तात ते सहीच्या आधीच होतं. त्यानं तसं लिहून आद्याक्षरं केलीत. शेजारच्या दस्तात दोन दगडही आहेत, आठ काठ्यांवर.”

“पण मी जमीन घेतली ती तुमच्या अहवालावर. त्यात लिहिलंय, काही नाही.”

“मी चुकले.”

डॉक्टरांना बहुधा दुसरे काहीतरी अपेक्षित होते. त्यांनी प्रत पुन्हा पाहिली. “माझा वकील म्हणेल, आम्ही विश्वास ठेवून घेतलं.”

“म्हणेल. पण बाड सगळ्यांना उघडं आहे, आणि ते तुमच्या खरेदीच्या आधीचं आहे. काय वाचायचं ते तुमच्या वकिलाला मीच शिकवलंय.”

“चुकीचं शिकवलंत म्हणायचं.”

“अपुरं,” मिस ऑर्फा म्हणाल्या.

डॉक्टर अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मी चाळीस वर्षं दात काढले. चुकीचा दात एकदाच काढला.”

“मग काय केलंत?”

“माफी मागितली. आणि मग बरोबरचा काढला.”

“तो माणूस काय म्हणाला?”

“त्याला बोलता येत नव्हतं.”

सोमवारी डॉक्टर स्वतः तळघरात आले, बाड सत्तेचाळीसपुढे उभे राहिले आणि पान दोनशे बारा शेवटपर्यंत वाचले. त्यांनी वकिलाला फोन केला. वकिलाने काय सांगितले ते आम्हांस कळले नाही, पण फोन ठेवताना डॉक्टर म्हणाले, “नाही, मी इथं उभं राहून वाचलंय. तुम्ही या आणि वाचा.” मग ते मिस ऑर्फांकडे वळले. “कुंपण मागे घेतो. मिस्टर नेस्टर कसे आहेत?”

“उद्या घरी येतायत.”

“मग मोजायला त्यांनाही घेऊन या.”

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे टेकडीवर गेलो. मिस ऑर्फांच्या हातात पोलादी फीत होती, आणि एक काठी म्हणजे साडेसोळा फूट, हे त्या कोणासही सांगत नव्हत्या, कारण तेथे ज्याला ते ठाऊक नाही असा कोणी नव्हता. डॉक्टर सोडून, आणि त्यांनी विचारले नाही. अक्रोडाचे झाड केव्हाच पडले होते, पण त्याचा बुंधा होता. दोन दगडांपैकी एक सापडला, गवतात, मानेपर्यंत बुडालेला. तेथून आठ काठ्या मोजल्या तेव्हा चौरसात नेस्टरांचे सारे दगड आले, शेजारी बरीच मोकळी जागा आली, आणि सिमेंटची एक पाण्याची डोणही आली. अल्पाकांसाठी डॉक्टरांनी ती आदल्या वर्षी बसवली होती. ती आयवाच्या दगडाच्या डाव्या हाताला होती.

सगळे डोणीकडे पाहू लागले. एक अल्पाका येऊन तिच्यातले पाणी प्यायला आणि आमच्याकडे पाहत उभा राहिला.

ड्यूईंनी टोपी काढून दगडावर ठेवली. मग त्यांनी एक हात मिस ऑर्फांच्या खांद्यावर, दुसरा डॉक्टरांच्या दंडावर टेकला, आणि आयवाच्या दगडाशेजारी गवतावर आडवे झाले. पाय डोणीच्या काठावर ठेवले. हात छातीवर ठेवले.

“माझे पाय कुठं येतात?” त्यांनी आकाशाकडे पाहत विचारले.

“डोणीत,” मिस ऑर्फा म्हणाल्या.

“किती?”

मिस ऑर्फांनी फीत लावली. “गुडघ्यापासून खाली.”

“डोकं वर सरकवून?”

“मग आयवाच्या ओळीत येत नाही.”

“मग नको.” ड्यूई तसेच पडून राहिले. “इथून दरी छान दिसते. ती नेहमी म्हणायची. मला वाटायचं, तिला कसं दिसतंय.”

“डोण उद्याच हलवतो,” डॉक्टर म्हणाले. “ट्रॅक्टर बोलावावा लागेल, पण हलवतो.”

“उद्या कशाला?” ड्यूई म्हणाले. “जनावरं कुठं पाणी पिणार? मला लागेल तेव्हा हलवा.”

“कधी लागेल?”

“कळवीन की.”

मिस ऑर्फांनी हे कागदावर घेतले. त्या कराराची नोंद आमच्या काउंटीत आहे: सदर डोण, लिहून देणार यांस जागेची आवश्यकता भासेपर्यंत, तेथेच राहू देण्यात येत आहे. नेडाने शिक्का मारताना विचारले, आवश्यकता भासली हे देणार कळवतील कसे? मिस ऑर्फा म्हणाल्या की, त्याबाबत दस्तात मौन आहे आणि ते योग्य आहे.

त्यानंतरच्या सोमवारी मिस ऑर्फांनी आपल्या दोन शिष्यांना पत्रे लिहिली, आणि मुरांब्यांच्या कपाटातून १९७४ सालची वही काढली. त्या वर्षी त्यांनी केलेल्या पहिल्या अहवालातील पहिला दस्त काढून त्यांनी सहीपासून खाली वाचला. मग दुसरा. नोटरीचे प्रमाणवचन त्या आता रोज सुमारे साठ वेळा वाचीत. अमुक दिवशी अमुक मनुष्य माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर झाला. वर्षभरात त्या १९७९ पर्यंत पोहोचल्या. सहीखाली त्यांना दोनच गोष्टी सापडल्या. एका ठिकाणी एका विधवेने घर विकताना दारातील नाशपातीच्या झाडाची फळे दर शरदात वेचून नेण्याचा हक्क राखून ठेवला होता. तिचे वंशज मिस ऑर्फांनी शोधून काढले आणि कळवले, पण झाड नव्हते. दुसऱ्या ठिकाणी तोच डब्ल्यू. टी. लिहीत होता की, वरील दस्तातील ‘दक्षिण’ हा शब्द मी चुकून दोनदा लिहिला आहे, कृपया एकदाच वाचावा.

ड्यूईंनी त्या वर्षी बटाट्यांचे बियाणे घेतले नाही, पण गेल्या वर्षीचे उरलेले लावले, आणि पीक आले. पुढच्या वर्षी घेतले. मार्चमध्ये, जमीन अजून कठीण असताना, एका सकाळी त्यांनी डॉक्टर वायमर यांस फोन केला. डॉक्टर सांगतात, ते एवढेच म्हणाले, “जनावरांना दुसरीकडे पाणी दाखवायला सुरुवात करा.” दोन दिवसांनी ते गेले.

डॉक्टरांनी डोण अंत्यविधीच्या आदल्या दुपारी हलवली. ट्रॅक्टरवाला मिळाला नाही, म्हणून त्यांनी आणि दोन शेजाऱ्यांनी ओंडक्यांवरून सरकवत नेली. तिच्याखालचे गवत पिवळे, चौकोनी दिसत होते. अंत्यविधीला माणसे बरीच होती. पाद्रीबुवांनी थोडक्यात आटोपले, कारण वारा होता. त्यांच्या तोंडून ‘आमेन’ निघाले तेव्हा, सवयीने, पुष्कळांनी मागे वळून फाटकाशी उभ्या असलेल्या मिस ऑर्फांच्या गाडीकडे पाहिले. गाडी रस्त्याकडे तोंड करूनच उभी होती, पण रिकामी होती.

मिस ऑर्फा आयवाच्या दगडाशेजारी उभ्या होत्या. कुटुंबीयांनी हात पुढे केले, त्यांनी ते हातात घेतले. लोक चर्चच्या तळघराकडे निघाले, तरी त्या निघाल्या नाहीत. दोन माणसांनी फावड्यांनी माती लोटली, पायाने दाबली, पुन्हा लोटली. पट्टे-दोरखंड उचलले, फळ्या गोळा केल्या. त्यांतल्या वयस्कर माणसाने हिरवळीचा तुकडा परत जागेवर बसवला आणि फावड्याच्या पाठीने दोनदा थोपटला.

“आता आणखी काही आहे?” मिस ऑर्फांनी विचारले.

“नाही बाई,” तो म्हणाला. “झालं सगळं.”

मग त्या गाडीकडे निघाल्या.